मायटोकॉन्ड्रिया नसलेल्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन: तांबड्या पेशीतल्या व्हीडॅकचं प्रकरण

माणसाच्या तांबड्या पेशी स्वच्छ धुऊन घ्यायच्या, कमी क्षारतेच्या द्रावणात फोडायच्या, हिमोग्लोबिन निघून जाऊ द्यायचं आणि उरलेली फिकट पटलं वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीवर, चढवायची. प्रयोगशाळेत या रिकाम्या पटलांना ‘घोस्ट’ म्हणतात. त्यांच्यावर व्हीडॅक (व्होल्टेज-डिपेंडंट अॅनायन चॅनल) या प्रथिनाची अँटिबॉडी सोडली, की ३० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) थोडा वर एक पट्टा उमटतो. नुसता पट्टा उमटण्यात नवल काही नाही, अँटिबॉड्या नको तिथेही चिकटतात. नवल आहे ते प्रथिनाचं. व्हीडॅक हे मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलातलं सर्वांत मुबलक प्रथिन आहे, आणि परिपक्व तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतातच.

हे प्रकरण त्या एका पट्ट्याचं आहे. तो खरा आहे का, खरा असेल तर हे प्रथिन तिथे पोचलं कसं, आणि तिथे ते करतं काय, हे तिन्ही प्रश्न बहुतेक वेळा एका दमात विचारले जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिल्याचं उत्तर आज बऱ्यापैकी पक्कं आहे. दुसऱ्याबद्दल अंदाज आहेत. तिसऱ्यावर प्रबंध बरेच आहेत, पण त्यातला पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. शिवाय एक चौथा प्रश्न आहे, जो माझ्या मते तिसऱ्याच्या आधी विचारायला हवा: हे प्रथिन तिथे असूनही पेशी जिवंत राहते कशी?

पेशी कशी, प्रथिन कसं

तांबडी पेशी म्हणजे जवळपास निव्वळ हिमोग्लोबिन. व्यास सात-आठ मायक्रोमीटर, आयुष्य सुमारे १२० दिवस. अस्थिमज्जेत घडताना ती आधी केंद्रक टाकते. मग जी उरते तिला रेटिक्युलोसाइट म्हणतात. तिच्यात थोडा आरएनए असतो, थोडे मायटोकॉन्ड्रियाही असतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत पेशी तेही निकाली काढते. या साफसफाईत निक्स नावाचं प्रथिन कळीचं ठरतं, आणि गंमत म्हणजे तेही मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलावरच बसतं. निक्सचं जनुक काढलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया मागे राहतात आणि उंदरांना पांडुरोग होतो, हे २००७ आणि २००८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. साफसफाई झाल्यावर पेशी फक्त ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडण्यावर, जगते: ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, निव्वळ दोन रेणू.

व्हीडॅकची ओळख १९७६ मध्ये झाली. शाइन, कोलंबिनी आणि फिंकेलस्टाइन या तिघांनी पॅरामेशियमच्या मायटोकॉन्ड्रियातून काढलेला अर्क कृत्रिम मेद-पटलात मिसळला, तेव्हा त्यांना विद्युतदाबाप्रमाणे उघडझाप करणारी आणि ऋण आयनांना थोडं झुकतं माप देणारी वाहिनी दिसली. सस्तन प्राण्यांत तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराची, म्हणजे व्हीडॅक-१ ची त्रिमितीय रचना २००८ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी उलगडली: १९ पट्ट्यांचं गोल पिंप आणि मधून आरपार वाट. ही वाट अडीच नॅनोमीटरच्या घरातली आहे. पेशीपटलावरच्या नेहमीच्या वाहिन्या पोटॅशियमसारखा एकेक आयन मोजून-निवडून सोडतात. हिच्यातून अख्खा एटीपी जातो. मायटोकॉन्ड्रियात तसंच हवं असतं, कारण आत बनलेला एटीपी बाहेर यायचा तो याच वाटेने. ही रुंदी लक्षात असू द्या, पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

जुनं भांडण

व्हीडॅक मायटोकॉन्ड्रियाबाहेरही सापडतं, हा दावा तांबड्या पेशींपासून सुरू झाला नाही. १९८९ मध्ये गॉटिंगेनच्या गटाने, ज्यात फ्रिडरिश थिनेस होते, माणसाच्या बी-लिंफोसाइट पेशींच्या पटलातून ३१ किलोडाल्टनचं प्रथिन शुद्ध करून त्याचा अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम छापला. तो मायटोकॉन्ड्रियातल्या पोरिनचाच, म्हणजे व्हीडॅकचाच, निघाला. पुढे थिनेस यांनी हा मुद्दा आयुष्यभर लावून धरला. समोरच्या बाजूने १९९५ मध्ये यू, वोल्फगँग आणि फोर्ट यांनी खुणेचा तुकडा जोडलेलं मानवी व्हीडॅक पेशींत बनवून घेतलं आणि ते फक्त मायटोकॉन्ड्रियात जातं असं दाखवलं. २००० साली पारडं पुन्हा हललं. उंदराच्या व्हीडॅक-१ जनुकाला पहिला एक्झॉन (संदेशात टिकणारा जनुकाचा तुकडा) दोन पर्यायांत मिळतो, आणि त्यातला एक प्रथिनाला स्रावमार्गाने पेशीपटलाकडे नेणारा पत्ता जोडून देतो, असं एका गटाने मांडलं.

या वादाची एक अडचण कायमची आहे. लिंफोसाइट असो की चेतापेशी, आत मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात. पेशीपटल कितीही निगुतीने वेगळं केलं तरी ‘यात मायटोकॉन्ड्रियाचा अंश नाही कशावरून?’ हा प्रश्न सुटत नाही. तांबडी पेशी इथे आदर्श साक्षीदार वाटते, कारण जिच्यात मायटोकॉन्ड्रिया नाहीतच तिच्या पटलात व्हीडॅक सापडलं तर वाद मिटायला हवा.

तो मिटला नाही. एक शंका गेली, तर दुसरी तयारच होती.

भेसळीचा हिशेब

ही शंका हिशेबाने पाहिल्याशिवाय तिचं वजन कळत नाही. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी, चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी आणि दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पांढऱ्या पेशी मोठ्या आणि संख्येने थोड्या, शिवाय सेंट्रिफ्यूजमध्ये त्यांचा वेगळा थर बसतो. तो काढून टाकला की बराच भाग जातो. प्लेटलेटचं तसं नाही. सरासरी अडीच लाख धरल्या तर दर २० तांबड्या पेशींमागे एक प्लेटलेट पडते, आणि प्रत्येक प्लेटलेटमध्ये चार-सहा मायटोकॉन्ड्रिया असतात.

समजा धुण्यातून ९९ टक्के प्लेटलेट गेल्या. दोन हजार पेशींमागे एक उरली. तिच्यात पाच मायटोकॉन्ड्रिया आणि प्रत्येकावर पाच हजार व्हीडॅक धरू. हे पाच हजार मी हिशेबापुरते घेतले आहेत, पण हजारांच्या घरातली संख्या अवास्तव नाही. म्हणजे त्या एका प्लेटलेटमध्ये २५ हजार व्हीडॅक झाले. ते दोन हजार पेशींवर वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला बारा-तेरा येतात. थोडक्यात, तांबड्या पेशीत खरोखरच दहा-वीस व्हीडॅक असतील, तर धुऊन घेतलेल्या नमुन्यावरचा ब्लॉट ते आणि भेसळ यांत फरक करू शकत नाही. तुलनेसाठी, बँड-३ हे तांबड्या पेशीचं मुख्य ऋण आयन वाहक प्रथिन एका पेशीत दहा लाखांच्या आसपास असतं. दहा लाखांच्या शेजारी दहा शोधायचे आहेत.

म्हणून गंभीर प्रयोगात रक्त आधी सेल्युलोजच्या स्तंभातून गाळतात. १९७६ मध्ये अर्नेस्ट ब्यूटलर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत छापली. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सेल्युलोजला धरून राहतात, तांबड्या पेशी खाली उतरतात. मग त्याच ब्लॉटवर पांढऱ्या पेशींची खूण सीडी-४५, प्लेटलेटची खूण सीडी-४१ आणि मायटोकॉन्ड्रियाच्या अंतःपटलातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज, हे सगळं तपासायचं. तिन्ही कोरे निघाले आणि व्हीडॅकचा पट्टा तरी राहिला, तर तो पट्टा ऐकून घेण्यासारखा.

पण खरा त्रास रेटिक्युलोसाइटचा असतो. निरोगी माणसाच्या रक्तात त्यांचं प्रमाण अर्धा ते दोन टक्के. त्या तांबड्या पेशीच असल्याने सेल्युलोज त्यांना अडवत नाही. दर शंभर पेशींमागे मायटोकॉन्ड्रिया शिल्लक असलेली एक जरी असली, तरी वरचा सगळा हिशेब कोलमडतो. त्यांना वेगळं करायचं तर घनतेच्या थरांवर किंवा ट्रान्सफेरिन ग्राहकाच्या, म्हणजे सीडी-७१ च्या, अँटिबॉडी लावलेल्या चुंबकी मण्यांवर विसंबावं लागतं, आणि तेही पुरतं नाही. रेटिक्युलोसाइट पक्व होत आली की सीडी-७१ आधी गळतं. रक्तदाता कोण हेही पाहावं लागतं. सिकल सेल आजारात आणि ल्युपसमध्ये काही परिपक्व तांबड्या पेशींतही मायटोकॉन्ड्रिया राहून जातात. अशा दात्याच्या रक्तात व्हीडॅक सापडलं, तर त्यातून वेगळं काहीच सिद्ध होत नाही.

एक दिलासा, जो पूर्ण लागू पडत नाही

तांबड्या पेशीच्या पटलात ‘भेसळ’ म्हणून सापडलेल्या प्रथिनाला मानाचं पान मिळाल्याचं एक उदाहरण या क्षेत्रातले लोक नेहमी देतात. पीटर अ‍ॅग्रे यांचा गट आरएच रक्तगटाचं प्रथिन शुद्ध करत असताना त्यात २८ किलोडाल्टनचं एक अनोळखी प्रथिन वारंवार येत होतं. १९८८ मध्ये त्यांनी ते वेगळं केलं. १९९२ मध्ये बेडकाच्या अंडपेशीत ते बनवलं, तेव्हा कमी क्षारतेच्या द्रावणात ठेवलेली अंडपेशी भराभर फुगून फुटली. ती पाण्याची वाहिनी होती, अ‍ॅक्वापोरिन-१. २००३ मध्ये अ‍ॅग्रे यांना नोबेल मिळालं.

उदाहरण उमेद देणारं आहे, पण ते पुढे करणाऱ्यांनी दोन फरक पाहावेत. एक, बेडकाच्या अंडपेशीत मुळात पाण्याच्या वाहिन्या जवळपास नसतात, त्यामुळे अ‍ॅक्वापोरिन घातल्याबरोबर फरक उघड दिसतो. व्हीडॅकसाठी अशी कोरी पाटी मिळणं अवघड, कारण प्रत्येक अंडपेशी मायटोकॉन्ड्रियाने भरलेली असते. दोन, अ‍ॅक्वापोरिन-१ नसलेली माणसं सापडली. कोल्टन या रक्तगटाचं प्रथिन म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-१ च निघालं, आणि कोल्टन प्रतिजन अजिबात नसलेल्या मोजक्या व्यक्तींत त्या जनुकाचा बिघाड १९९४ मध्ये दाखवला गेला. निसर्गाने स्वतः केलेला प्रयोग तयार मिळाला. व्हीडॅकच्या बाबतीत असा रक्तगट नाही. उंदरात व्हीडॅक-२ काढलं तर गर्भ जगत नाही, व्हीडॅक-१ काढलं तर काही गर्भ दगावतात.

पुराव्यांची साखळी

तांबड्या पेशीकडे बोट पहिल्यांदा वळलं ते औषधांमुळे, व्हीडॅक शोधत कुणी गेलं नव्हतं. डायझेपामच्या कुळातली औषधं मेंदूबाहेरही कुठेतरी चिकटतात हे १९७७ पासून ठाऊक होतं, आणि १९८८ मध्ये माणसाच्या तांबड्या पेशींच्या पटलावरही अशी बंधनस्थानं दाखवली गेली. ही स्थानं ज्या प्रथिनाची, ते १८ किलोडाल्टनचं आहे, मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलातच राहतं आणि २००६ पासून टीएसपीओ नावाने ओळखलं जातं. ते व्हीडॅकच्या जोडीने असतं. म्हणजे जोडीदाराच्या खुणा तेव्हाच दिसल्या होत्या, फक्त त्यावरून व्हीडॅकपर्यंत यायला दोन दशकं लागली.

२००९ मध्ये टीएसपीओ-२ हे वेगळं जनुक समोर आलं, जे मुख्यतः तांबड्या पेशी घडवणाऱ्या वंशात चालू असतं. २०११ मध्ये फ्रान्समधल्या रोस्कॉफच्या गटाने, ज्यात सेर्ज थॉमस होते, मानवी तांबड्या पेशीच्या पटलात टीएसपीओ आणि व्हीडॅक यांचा संच असल्याचं मांडलं. पेशीपटलावर पॅच क्लॅम्पने, म्हणजे पटलाला काचेची बारीक नळी चिकटवून प्रवाह मोजण्याच्या पद्धतीने, आधी दिसलेले मोठ्या ऋण आयन वाहिनीचे प्रवाह याच संचाचे असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१६ मध्ये पॅरिसच्या गटाने पेशी घडत असतानाचा क्रम तपासला आणि परिपक्व पेशीच्या पटलात टीएसपीओ-२ व व्हीडॅक एकाच संचात असल्याचं दाखवलं.

मला यातला पॅच क्लॅम्पचा भाग सर्वांत पटतो. कारण सरळ आहे: काचेची नळी एका वेळी एकाच पेशीला चिकटवलेली असते. ती पेशी प्लेटलेट नाही हे डोळ्यांना दिसतं, भेसळीचा प्रश्न तिथे संपतो. मात्र नळीला विद्युतप्रवाह कळतो, प्रथिनाचं नाव कळत नाही. ब्लॉटला नाव कळतं, पण ते कुठल्या पेशीतून आलं हे कळत नाही. दोन्ही जुळवूनच ‘आहे’ म्हणता येतं. टीएसपीओ-२ चा पुरावा वेगळ्या वाटेने येऊन त्याच ठिकाणी पोचतो, आणि तो प्लेटलेटच्या भेसळीने समजावता येत नाही, कारण हा प्रकार तांबड्या पेशींच्याच वंशातला आहे. रेटिक्युलोसाइटची शंका तेवढी यातूनही निसटत नाही. तरी या तिन्हींचं वजन एकत्र धरलं तर व्हीडॅक तिथे आहे हे मी मान्य करतो.

तिथे पोचण्याची वाट अजून अंदाजातच आहे. मायटोकॉन्ड्रिया निकाली काढताना रेटिक्युलोसाइट त्यांना पिशवीत गुंडाळते. अशा पिशव्या पेशीपटलातून आत ओढलेल्या पुटिकांशी जुळतात आणि शेवटी बाहेर टाकल्या जातात, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. या धांदलीत बाह्यपटलाचा तुकडा पेशीपटलात मिसळून जात असेल, हे शक्य आहे. उंदरात दिसलेला पर्यायी एक्झॉन हाही मार्ग आहे. पहिल्या वाटेने आलं असेल तर ते उरलंसुरलं सामान. दुसऱ्या वाटेने आलं असेल तर पेशीने मुद्दाम पाठवलेलं. पुढचा सगळा अर्थ यावर अवलंबून आहे.

इथे एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक पेशींत हेक्सोकायनेज हे ग्लुकोजवर पहिला संस्कार करणारं विकर व्हीडॅकला धरून मायटोकॉन्ड्रियावर बसतं. तांबड्या पेशीचं खास हेक्सोकायनेज त्याच जनुकातून बनतं, पण व्हीडॅकला धरणारा सुरुवातीचा तुकडा त्यात नसतो. हे खुंटी भिंतीवर राहिली आणि कपड्याची अडकवणी काढून टाकली, तसं झालं. यावरून निदान एवढं म्हणता येतं, की पटलातल्या व्हीडॅकचं काम हेक्सोकायनेजला जागा देणं हे नसावं.

ते बंद कसं राहतं

आता तो चौथा प्रश्न. कृत्रिम पटलात व्हीडॅक शून्याच्या आसपासच्या विद्युतदाबाला सताड उघडं असतं आणि साधारण ३०-४० मिलिव्होल्टच्या पलीकडे, दोन्ही बाजूंना, मिटू लागतं. तांबड्या पेशीच्या पटलावरचा दाब किती? उणे दहा मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणजे ही वाहिनी ज्या दाबाला पूर्ण उघडी असायला हवी, नेमक्या त्याच दाबात ती बसलेली आहे.

उघडी राहिली तर काय होईल? एक मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये एका व्हीडॅकची वाहकता सुमारे ४ नॅनोसीमेन्स (वाहकतेचं एकक) मोजली जाते. शरीरातल्या क्षारतेला ती अर्ध्या नॅनोसीमेन्सच्या घरात येईल. त्यातला पोटॅशियमचा वाटा एक तृतीयांश धरू, कारण वाहिनी ऋण आयनांना जास्त मानते. पोटॅशियम पेशीच्या आत शंभर मिलिमोलरच्या वर, बाहेर चार-पाच, त्यामुळे बाहेर ढकलणारा जोर ८० मिलिव्होल्टच्या आसपास. या हिशेबाने सेकंदाला काही कोटी पोटॅशियम आयन बाहेर पडतील. पेशीतला सगळा साठा काही अब्ज आयनांचा असतो. उलट पेशीतले सगळे सोडियम-पोटॅशियम पंप मिळून सेकंदाला काही दहा हजार आयन आत ओढतात. गळती त्यांच्या आवाक्याच्या हजार पट. पेशीचा साठा मिनिटांच्या हिशेबात रिता होईल, सोडियम आत शिरेल, पाणी त्यामागे येईल आणि १२० दिवस जगणारी पेशी फुटेल. हे सगळं एका वाहिनीने.

दाबाने मिटलेलं व्हीडॅकही भागवून नेत नाही. मिटलेल्या अवस्थेत ते एटीपीला अडवतं, पण लहान आयन जातच राहतात. उलट तेव्हा ते धन आयनांना झुकतं माप देतं. म्हणजे तांबड्या पेशीत ते नुसतं मिटलेलं असून चालत नाही, पार बुजलेलं असावं लागतं. कशाने? मायटोकॉन्ड्रियावरचं व्हीडॅक ट्युब्युलिनने, म्हणजे सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या प्रथिनाने, बुजवलं जातं हे २००८ मध्ये दिसलं, पण परिपक्व तांबड्या पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं उरत नाही. टीएसपीओ-२ हा एक उमेदवार. दुसरा कोलेस्टेरॉल: पेशीपटल त्याने भरलेलं असतं, मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलात ते फार थोडं. रोस्कॉफच्या गटाने या वाहिन्यांना ‘सुप्त’ म्हटलं ते योग्यच होतं, पण सुप्त म्हणणं हे वर्णन झालं, कारण नव्हे.

म्हणून मला वाटतं, व्हीडॅकला इथे कुठलंही काम बहाल करण्याआधी ते बंद ठेवणारी यंत्रणा दाखवायला हवी. ती सापडली तर काम काय हे बरंचसं आपोआप उलगडेल. कुलूप काळजीपूर्वक लावलेलं निघालं तर वाहिनी मुद्दाम ठेवलेली, प्रथिन नुसतं मोडलेलं किंवा अर्धवट घडीचं निघालं तर तो कचरा.

एटीपी सोडण्याचं काम

सर्वांत गाजलेला दावा एटीपीचा आहे. ऑक्सिजन कमी असलेल्या ऊतीत तांबडी पेशी थोडा एटीपी सोडते, त्याने रक्तवाहिनी रुंदावते, रक्त जास्त येतं. २००६ मध्ये या वाटेसाठी पॅनेक्सिन-१ या पेशीपटलावरच्या वाहिनीचं नाव पुढे आलं. सेंट लुईसमधला रँडी स्प्रेग यांचा गट २०१२ मध्ये म्हणाला, की प्रोस्टासायक्लिन या रक्तवाहिनी रुंदावणाऱ्या संप्रेरकासारख्या रेणूच्या ग्राहकामार्फत सुटणारा एटीपी मात्र व्हीडॅकमधून जातो. २०१८ मध्ये पॅरिस आणि ब्युनॉस आयर्सच्या संशोधकांनी व्हीडॅकचे रेणू एकत्र गोळा होऊन पॅनेक्सिनशिवाय एटीपी सोडतात असं मांडलं.

कल्पना सुंदर आहे, पण पुरावा औषधांवर उभा आहे आणि औषधं स्वच्छ नाहीत. व्हीडॅक अडवणारं जुनं रसायन डीआयडीएस बँड-३ ला त्याहून जोरात अडवतं, त्यामुळे दहा लाख बँड-३ असलेल्या पेशीत ते निरुपयोगी. ओलेसोक्झाइम हे दुसरं रसायन कोलेस्टेरॉलसारख्या घडणीचं आहे आणि व्हीडॅकबरोबर टीएसपीओलाही चिकटतं.

दुसरी अडचण पेशी फुटण्याची. पेशीत एटीपी दीड मिलिमोलरच्या आसपास असतो. दहा टक्के पेशी असलेल्या द्रावणात हजारातली एक पेशी फुटली, तरी बाहेर १५० नॅनोमोलर एटीपी येतो, म्हणजे ज्याला ‘संकेत’ म्हणून मोजलं जातं त्याच आकारमानाचा. २०१४ मध्ये माँट्रियलच्या गटाने प्रत्यक्ष पाहून सांगितलं, की तांबड्या पेशींतून सुटणाऱ्या एटीपीचा मुख्य मार्ग पेशी फुटणं हाच आहे. यावर वाद झाला आणि अजून आहे. माझ्यापुरता नियम एवढाच: त्याच नमुन्यात, त्याच क्षणी बाहेर आलेलं हिमोग्लोबिन मोजलेलं नसेल, तर एटीपीचा आकडा मी बाजूला ठेवतो.

हिवतापाचा परजीवी

२०११ च्या रोस्कॉफच्या प्रबंधाचं मूळ प्रयोजन हिवताप होतं. प्लास्मोडियम फाल्सिपेरम पेशीत शिरल्यावर तिचं पटल पोषकद्रव्यांना पाझरू लागतं. हा पाझर पेशीचीच सुप्त वाहिनी जागी करून होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. टीएसपीओला चिकटणारी रसायनं परजीवीची वाढ काचपात्रात रोखतात हा त्याला आधार.

त्याच वर्षी हिवतापाचे संशोधक संजय देसाई यांच्या गटाने उलट बाजूने नेटका प्रयोग केला. त्यांनी असं रसायन शोधलं, जे परजीवीच्या एका वाणाने बाधलेल्या पेशींचा पाझर अडवतं, पण दुसऱ्या वाणाचा अडवत नाही. दोन्हीकडे माणसाच्या पेशी सारख्याच होत्या, वेगळा होता तो परजीवी. दोन वाणांच्या संकरातून हा गुण परजीवीच्या क्लॅग-३ जनुकावर येऊन थांबला. यजमान पेशी तीच असताना परजीवी बदलल्यावर फरक पडतो, याचा अर्थ पाझराची किल्ली परजीवीच्या हातात आहे. व्हीडॅक त्यात सहायक असू शकेल, मुख्य पात्र असणं अवघड. टीएसपीओची रसायनं परजीवीला मारतात याचं कारण पाझर अडवणं नसून वेगळंच असू शकतं. २०१६ चा पॅरिसचा प्रबंध तेच सुचवतो: ती रसायनं पॉर्फिरिनसारखे (हीमच्या घडणीचे) रेणू पेशीत जास्त शिरू देतात आणि परजीवी ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याने मरतो.

निकाल कशाने लागेल

परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, त्यामुळे तिच्यातलं जनुक बंद करता येत नाही. वाट एकच: रक्तातल्या सीडी-३४ मूळपेशी घ्यायच्या, त्यांच्यातलं व्हीडॅक-१ कापून टाकायचं, त्यांना काचपात्रात केंद्रक टाकेपर्यंत वाढवायचं आणि मग त्या पेशींचा एटीपी, वाहकता व आयुष्य मोजायचं. वाचताना सोपं वाटतं. पण हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, बनवण्याचा पहिला आणि शेवटचा टप्पा मायटोकॉन्ड्रियात घडतो, आणि व्हीडॅक नसलेले मायटोकॉन्ड्रिया घेऊन वाढलेली पेशी मुळातच हिमोग्लोबिनमध्ये कमी पडू शकते. मग दिसलेला फरक पटलातल्या व्हीडॅकमुळे की वाढतानाच्या कुपोषणामुळे, हे सांगता येणार नाही. त्यावर उतारा म्हणून व्हीडॅक शेवटच्या टप्प्यापर्यंत राहू द्यायचं आणि केंद्रक जाण्याच्या सुमारास ते प्रथिनच मोडून टाकायचं, असा बेत आखता येतो. त्यासाठी मोडतोड करणारी यंत्रणा रेटिक्युलोसाइटमध्ये पुरेसा वेळ टिकावी लागते, आणि तीही पेशी त्याच दोन-तीन दिवसांत गुंडाळत असते. शिवाय काचपात्रात वाढवलेल्या पेशी बहुतांशी रेटिक्युलोसाइटवरच थांबतात. म्हणजे हा प्रयोग शेवटपर्यंत नेणाऱ्याला सीडी-७१ आणि मायटोकॉन्ड्रियाचा रंग यांवर प्रत्येक पेशी तपासून, पूर्ण पक्व झालेल्या तेवढ्याच पॅच क्लॅम्पच्या नळीखाली घ्याव्या लागतील.